काचेच्या आतलं पाणी

१४ ऑक्टोबर, सकाळी

झिपरीच्या आई,

हाक काय मारायची, यात पाव तास गेला. एकोणतीस वर्षं हीच मारत आलो, दुसरी सुचत नाही. तुला ती आता टोचत असेल तर वरची ओळ खोड आणि पुढचं वाच.

तू भावाकडे गेलीस त्याला अकरा महिने झाले. मी फोन केला नाही, कारण फोनवर मी काय बोलतो ते तुला माहीत आहे. "हो", "बरं", आणि "ठेवू?" म्हणून पत्र.

मी झिपरीची व्हॅन घेऊन डोंगरात आलो आहे. पोलिसांनी ती गेल्या महिन्यात परत दिली. निवृत्तीला चार महिने उरलेत आणि रजा भरपूर साठली आहे. शीतगृहातले लोक म्हणाले, "साहेब, तुम्ही आणि जंगलात? तुम्हांला तर आठ अंशांच्या वर घाम फुटतो." मी हसलो. कुठे जातोय ते त्यांना सांगितलं नाही.

तिची वही व्हॅनमध्येच होती. पोलिसांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली. त्या शेवटच्या आठवड्यात ती चार ठिकाणी थांबली होती, आणि प्रत्येक ठिकाणाचं एक पान आहे. मी पुढचं वाचत नाही. जिथे पोचलो तिथलंच पान उघडतो. पहिलं असं आहे: "ओढ्याच्या अलीकडे सपाटी. मागचं डावं चाक दगडावर चढवायचं, नाहीतर डोकं खाली जातं. तोंड पूर्वेला. ऊन आधी पायांवर येतं." तो दगड अजून तिथेच होता. चाक त्यावर चढलं आणि व्हॅन सरळ झाली.

मुद्द्याचं लिहितो. जाण्याच्या आदल्या दिवशी तू स्वयंपाकघरात ओट्याला टेकून म्हणालीस, "आयुष्यात एकदाच तिनं माझं ऐकलं." फोनवर तू तिला म्हणाली होतीस, जा मग, मर तिकडे एकटी. आणि चौथ्या दिवशी ती व्हॅनमध्ये तशीच सापडली. अहवालात लिहिलं होतं की व्हॅनच्या छताचं झाकण आणि तळाचं छिद्र, दोन्ही आतून बंद केलेली होती. त्यावरून तू धरलंस की तिनं स्वतः कोंडून घेतलं, आणि तेही तुझ्या बोलण्यावरून.

तिनं मुद्दाम केलेलं नाही. तुझं मन राखायला म्हणत नाही, मला ठाऊक आहे. कसं ठाऊक, ते लिहायलाच बसलो होतो. पण ऊन वर आलं आहे आणि काचा पुसायच्या आहेत.

थंडीत व्हॅनच्या काचांना आतून पाणी धरतं. झोपलेला माणूस श्वासातून पाणी सोडतो आणि ते गार काचेवर बसतं. एका माणसाचं रात्रीचं पाणी साधारण कपभर निघतं. सवयीनं मोजलं. झिपरीचा मापाचा कप इथेच होता, खोटे दात बनवताना साच्यांचं मिश्रण कालवायचा. फडक्यानं काचा पुसायच्या आणि फडकं कपात पिळायचं. एक कप आणि वर दोन रेघा निघालं. ठीक आहे.

१६ ऑक्टोबर, सकाळी

इथे पोस्टाची पेटी नाही, पत्रं साठतील. सगळी एकदमच मिळतील तुला.

दुसरी जागा उंचावर आहे, दाट झाडीत. दिवसासुद्धा पाखरू ओरडत नाही. माझं कानांचं यंत्र बिघडलं असं वाटून मी दोनदा टाळी वाजवून पाहिली. टाळी ऐकू आली, पण तिचा आवाज लगेच विरला, आमच्या शीतगृहातल्या भरलेल्या खोलीत विरतो तसा. फळांनी गच्च भरलेल्या खोलीत आवाज घुमत नाही. रिकाम्या खोलीत घुमतो.

आज काचांचं पाणी जवळजवळ दोन कप निघालं. ओलावा जास्त असेल. पण वरचं झाकण मी बोटभर उघडं ठेवतो आणि चहा बाहेर करतो, म्हणजे पाणी कमी व्हायला हवं.

इथलं पान: "पाय आज गरम. आईचे लोकरीचे मोजे लागू पडले बहुतेक."

हे वाचून मी वही मिटली आणि बराच वेळ बाहेर उभा राहिलो.

तुला आठवतं का, ती निघायच्या आधीच्या रविवारी कपडे धुवायला घरी आली होती. जेवताना म्हणाली, व्हॅनमध्ये पायांशी कुठूनतरी गार झुळूक येते. तू मला म्हणालीस, "अहो, त्या सफरचंदांना जेवढी माया लावता, त्यातली थोडी पोरीला लावा की." ती हसून म्हणाली, "नको गं बाई. बाबा मला बटाट्यासारखं ठेवतील, सहा महिने न कुजता." तू म्हणालीस, "बरंच होईल. घरात तरी राहशील." सगळे हसलो. मीसुद्धा.

त्या दुपारी मी व्हॅनचं थोडं काम करून दिलं होतं. मागच्या दाराचं रबर बदललं, आणि आणखी थोडं. तू आत लवंडली होतीस, म्हणून तुला माहीत नाही. सविस्तर पुढच्या पत्रात.

१८ ऑक्टोबर, दुपारी

पुढच्या पत्रात म्हणालो होतो, पण आज आधी दुसरंच लिहितो.

वरच्या जंगलात शिरायच्या आधी एक फाटक आहे. तिथे वनखात्याची चौकी आहे, आणि चौकीवर एक बाई असतात. चाळिशीच्या असतील. बोलायला मोकळ्या. येणाऱ्या प्रत्येकाची नोंदवहीत नोंद करतात. दुपारचे बारा वाजले होते आणि ऊन कडक होतं.

"किती जण?"

"एक."

बाई खिडकीतून वाकून व्हॅनच्या मागच्या बाजूला बघत राहिल्या. "आणि मागे झोपलंय ते?"

"मागे कोणी नाही."

"काका, इथे आत जायचे पैसे नाहीत हो. दोघं असलात तरी तेवढंच. माणूस हरवलं तर किती शोधायचे ते आम्हांला माहीत हवं, म्हणून लिहायचं."

"मी एकटाच आहे."

त्या बाहेर आल्या. व्हॅनच्या मागच्या बाजूला, झोपायच्या फळीपाशी, एक छोटी काच आहे. बाकी सगळ्या काचा उन्हानं लख्ख कोरड्या होत्या. ती तेवढी आतून धुकटलेली होती. बाईंनी आवाज खाली आणला. "उठवू नका. झोपू दे. मी नुसतं लिहून घेते." आणि त्यांनी माझ्या नावापुढे दोन लिहिलं.

मी मागचं दार उघडून दाखवलं. फळी, पांघरूण, तिची उशी. एवढंच. बाईंनी उशीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "गेल्या वर्षी ती मुलगी. तुमचीच का?"

मी हो म्हणालो.

"पाऊस फार होता तेव्हा," त्या म्हणाल्या. "सकाळी मीच गेले होते वर." त्यांनी दोनाचा आकडा खोडला नाही. मीही खोडायला सांगितलं नाही.

आज सकाळचं पाणी लिहायचं राहिलं. दोन कप, वर तीन रेघा.

२० ऑक्टोबर, सकाळी

तिसऱ्या जागी एक चाचणी घेतली. तू म्हणशील, पोर गेली तरी याचं मोजमाप सुटत नाही. मला दुसरं काही येत नाही.

जागेजवळ वनखात्याची एक पत्र्याची खोली आहे, वाटसरूंसाठी. काल मी तिथे झोपलो. व्हॅन आधी दारं उघडून तासभर उन्हात वाळवली, काचा कोरड्या फडक्यानं पुसल्या, मग कुलूप लावलं. चावी माझ्या खिशात. रात्रभर आत कोणी नव्हतं.

सकाळी कुलूप काढलं. पुढची काच कोरडी. दारांच्या काचा कोरड्या. झोपायच्या फळीजवळची छोटी काच भरून वाहत होती. खालचं लाकूडही ओलं झालं होतं. उशी असते त्याच बाजूला, झोपल्यावर तोंड येतं त्याच उंचीवर.

पुसलं, पिळलं, मोजलं. एक कप. वर दोन रेघा.

मला भीती वाटली नाही. कामावर आम्हांला एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. फळ तोडलं तरी मरत नाही. ते श्वास घेत राहतं. बंद खोलीत हजारो पेट्या महिनोन्महिने श्वास घेतात आणि आतली हवा माणसाला चालेनाशी होते. म्हणून दारावर पाटी असते. आमच्या शीतगृहातली पाटी मी स्वतः लाल रंगानं लिहिली आहे. "दार उघडून वीस मिनिटे थांबा. एकट्याने आत जाऊ नये."

ती पाटी लिहिणाऱ्या माणसानं त्या रविवारी काय केलं ते आता लिहितो.

मी शीतगृहातून उरलेला फोम आणि दाराची पिवळी पट्टी आणली होती. व्हॅनमध्ये शिरलो, दारं लावली आणि मेणबत्ती पेटवली. झुळूक शोधायची आमची हीच रीत. ज्योत जिकडे झुकते तिकडे फट असते. गॅसच्या कपाटामागे ज्योत झुकली. कपाट ओढून पाहिलं तर तळाला तळहाताएवढं भोक. त्याला तारेची जाळी. कडा कानशीनं घासून गुळगुळीत केलेल्या.

कडा घासलेल्या मी पाहिल्या. हे तुला नीट कळावं म्हणून वेगळं लिहितो. जो माणूस भोकाच्या कडा घासतो, त्यानं ते भोक मुद्दाम पाडलेलं असतं. इतकं मला कळायला हवं होतं. मी आत जाऊन तिला हाक मारून विचारू शकलो असतो. ती बैठकीत पाय वर घेऊन बसली होती. पण शीतगृहात भोक दिसलं की हात आपोआप पुढे होतो. एकतीस वर्षांची सवय. मला वाटलं, एखादी नळी घालायची राहिली असेल. मी त्यात फोमचे तीन थर भरले, वर पिवळी पट्टी चिकटवली, कपाट जागेवर सरकवलं. मग पुन्हा मेणबत्ती धरली. ज्योत सरळ उभी राहिली. मला फार बरं वाटलं.

तिला सांगितलं नाही. म्हटलं, पाय गरम राहिले की आपणहून विचारेल, बाबा तुम्ही काय जादू केलीत. तिनं विचारलं नाही. तिला ते तुझे मोजे वाटले.

झोपण्याआधी ती गॅसची शेगडी थोडा वेळ लावायची, व्हॅन ऊबदार व्हायला. जळलेल्या गॅसची हवा आत कोंडू नये, त्यासाठीच ते भोक होतं.

तू मला बोललीस म्हणून मी ते काम केलं, असं यातून काढू नकोस. तू माया लावा म्हणालीस. भोक मी बुजवलं.

पोलिसांनी मला विचारलं होतं, "हा फोम तुमच्या मुलीनं भरला का?" मी म्हणालो, "ती सगळी कामं स्वतःच करायची." यातला एकही शब्द खोटा नाही. त्यांनी तसं लिहून घेतलं. आणि तू मला विचारलंस, "तुम्हांला काय वाटतं, तिनं मुद्दाम केलं असेल?" मी म्हणालो, "काय माहीत."

माहीत होतं.

२१ ऑक्टोबर, संध्याकाळी पाचच्या सुमारास

शेवटची जागा. डोंगराच्या कुशीत गवताची पट्टी आहे आणि तिन्ही बाजूंनी झाडी. झाडांचे बुंधे एकाच बाजूला कलले आहेत, पण वारा नाही. मी आलो तेव्हापासून एक पान हललेलं नाही.

शेवटचं पान उघडलं. जसंच्या तसं उतरवतो.

"पाऊस. वरचं झाकण लावलं. खालचं भोक आहे, चालेल. आईचा दात फार पांढरा झालाय. एक छटा पिवळा हवा. सोमवारी पुन्हा करायचा."

तुझा तो खोटा दात, तिनं बनवलेला. तो लावून तू आरशात बघून म्हणाली होतीस, "हा माझा नाही, शेजारणीचा वाटतो." तेव्हा ती चिडली होती. सोमवारी ती तो पुन्हा करणार होती. सोमवारी. आता तरी विश्वास ठेव.

ती भोकाच्या भरवशावर होती.

मी कपाट सरकवलं आणि आडवा झालो. पिवळी पट्टी तशीच आहे. पोलिसांनी ती काढली नाही, नुसता फोटो काढला. खिशातून चाकू काढला आणि पट्टीच्या कडेला लावला. तेवढ्यात कपाळावर थंड पाणी पडलं. वर पाहिलं. संध्याकाळच्या उन्हात, दार उघडं असताना, छतभर थेंब धरले होते.

ती अजून आत आहे आणि भोक अजून बंद आहे, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं. मी वेडा झालो असं तुला वाटेल तर वाटू दे.

पण कापलं नाही. कारण ही पट्टी फक्त शीतगृहांच्या दारांना लावतात. बाजारात मिळत नाही. हे कोणाचं काम आहे याचा पुरावा ही एकच गोष्ट आहे. मी इथे जंगलात ती कापून टाकली असती, तर माझं काम कायमचं झाकलं गेलं असतं आणि तुझ्या डोक्यावरचं ओझं तसंच राहिलं असतं. म्हणून आधी कोणाला तरी दाखवायला हवं.

"एक दिवस आणखी थांब," असं मी मोठ्यानं म्हणालो. मग व्हॅन चालू करून खाली निघालो. अंधाराच्या आत फाटक गाठायचं होतं.

२३ ऑक्टोबर, दुपारी

आज एक वर्ष झालं. मी फाटकाजवळच्या चौकीत बसून लिहितो आहे.

काल बाईंनी तपासाच्या अधिकाऱ्यांना बोलावून घेतलं. गेल्या वर्षीचेच. ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "काका, वर्ष झालं. फाईल बंद आहे. गेलेल्या पोरीचं कशाला उकरताय?"

"तिच्या आईला अहवाल चुकीचा मिळाला आहे."

"चुकीचा म्हणजे? दोन्ही आतून बंद होती. मी डोळ्यांनी पाहिलं."

"खालचं मीच बंद केलं. ती निघायच्या आधी."

ते थोडा वेळ टेबलावर पेन आपटत राहिले. "तुम्हांला कळतंय ना, हे तुमच्यावर येईल?"

"आलंच आहे. तुम्ही लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतलं. पट्टी पाहिली, मोजली, फोटो काढले. मी शीतगृहाच्या गोदामाची पावती दाखवली, त्याच पट्टीच्या गुंडाळीची. मग ते म्हणाले, काढा आता, तुकडा पिशवीत लागेल.

मी आडवा होऊन कापायला सुरुवात केली. बाई बाहेर व्हॅनच्या खाली वाकून बसल्या होत्या, पडेल ते झेलायला. तिसरा थर निघाला तशा त्या म्हणाल्या, "काका, आत पंखा लावलाय का?"

"नाही."

"मग ही हवा कसली येतेय?"

मी बाहेर आलो आणि भोकाखाली हात धरला. अंगणात वारा नव्हता. चौकीवरचा झेंडा काठीला चिकटून लोंबत होता. व्हॅनची दोन्ही दारं सताड उघडी होती. तरी भोकातून हवा खाली येत होती, कोमट आणि ओलसर. बाईंनी हात मागे घेतला नाही. मीही घेतला नाही. अधिकारी आधी उभे होते, मग तेही गुडघ्यांवर बसले, पण हात त्यांनी पुढे केला नाही. मी घड्याळात पाहिलं. अकरा मिनिटं. मग हळूहळू कमी होत थांबली.

बाईंनी पदराला हात पुसला आणि तो हात बराच वेळ दुसऱ्या हातात धरून ठेवला.

मी तिला हाक मारली नाही. मारायला हवी होती का, ते कळत नाही.

यासोबत अर्ज जोडला आहे. अधिकारी म्हणतात, फाईल पुन्हा उघडायला आई आणि वडील दोघांच्या सह्या लागतात, एकाच्या सहीवर होत नाही. वरच्या ओळीत मी केली आहे. खालची तुझी. सही केलीस की अहवाल बदलेल. "मयत मुलीने" हे शब्द जातील आणि "वडिलांनी" असे येतील. मग माझ्यावर खटला होईल की नाही, अधिकाऱ्यांनाही सांगता येत नाही. त्याचा विचार करून सही लांबवू नकोस. माझा तो करून झाला आहे.

आणि मला माफ कर असं मी इथे लिहीत नाही. ते पत्रातून मागायचं नसतं. तू फक्त एवढंच वाच, की तुझं ते वाक्य एक आई रागानं बोलते तसलं वाक्य होतं. ते ऐकून ती मेली नाही.

व्हॅनची चावी अधिकाऱ्यांनी ठेवून घेतली आहे. मी चौकीमागच्या खोलीत राहतो. फोन चौकीतच आहे, नंबर अर्जाच्या मागे लिहिला आहे. बाई म्हणतात, सकाळी आठपासून कोणी ना कोणी असतं. तुझा फोन आला तर काय विचारायचं ते विचार. शिव्या द्यायच्या असतील तर दे. मी मध्ये "ठेवू?" म्हणणार नाही.

झिपरीचा बाबा